दोन संस्था, दोन कायदे

२०२३ च्या पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरात दीड-दोन महिन्यांच्या अंतराने दोन सहकारी संस्थांचे व्यवहार ठेवीदारांसाठी ठप्प झाले. जुलैमध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतला सुमारे दोनशे कोटींचा कथित घोटाळा उघडकीस आला आणि गुन्हे नोंदले गेले. ऑगस्टच्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने अजिंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. तिथेही पुढे अपहाराचा गुन्हा दाखल झाला. दोन्हीकडचा ठेवीदार एकाच तोंडावळ्याचा होता: निवृत्त शिक्षक, एसटीतले वाहक, गल्लीतले किराणा दुकानदार, तालुक्याच्या गावांतले शेतकरी. मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणाच्या औषधपाण्यासाठी बाजूला टाकलेले पैसे होते ते. तरीही अजिंठा बँकेच्या ठेवीदारांना पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी ठेव विम्याचा आधार होता आणि आदर्शच्या ठेवीदारांना असा कोणताच विमा नव्हता. ते विभागीय आयुक्तालयावर मोर्चे घेऊन जात राहिले.

मी सनदी लेखापाल आहे. मराठवाड्यातल्या सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली. हा फरक मला कायद्याच्या पुस्तकातून ठाऊक होताच, पण त्या वर्षी तो माझ्या कार्यालयाच्या जिन्यात उभा राहिला. एक निवृत्त शिक्षिका दोन संस्थांच्या दोन ठेवपावत्या घेऊन आल्या होत्या. त्या दोन कागदांकडे नीट पाहिले तर आपल्या वित्तीय नियमनाचा सगळा पेच तिथेच दिसतो. दोन्ही पावत्या जाडसर, हिरवट कागदाच्या, कडेला वेलबुट्टी, वर बोधचिन्ह, खाली व्यवस्थापक आणि रोखपालाच्या सह्या. मुदत, व्याजदर, अक्षरी रक्कम, वारसाचे नाव सगळे सारख्याच जागी. एकीवर रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचा क्रमांक होता, दुसरीवर सहकार खात्याच्या नोंदणीचा क्रमांक. दोन्ही क्रमांक बारीक टाइपात. बाईंनी मला विचारले, ‘सरकारी नंबर दोन्हीवर आहे ना, सर?’ होता. पण एका नंबरामागे मुंबईची रिझर्व्ह बँक आणि ठेव विमा महामंडळ उभे होते, तर दुसऱ्यामागे जिल्हा उपनिबंधकांचे कार्यालय.

त्या कार्यालयावर काय काय असते ते सांगतो. जिल्ह्यातल्या गृहनिर्माण संस्थांची भांडणे, विकास सोसायट्या, बाजार समित्यांच्या निवडणुका, सावकारीच्या तक्रारी आणि या सगळ्यांबरोबर पतसंस्था. तिथल्या माणसांना मी दोष देत नाही. मनुष्यबळ तोकडे, कामाचे गाठोडे मोठे. पण ज्या संस्थेत शेकडो कोटींच्या ठेवी आहेत तिच्यावर देखरेख ठेवायला रोजची तरलता, कर्जाचे वर्गीकरण, एकाच गटाकडे किती पैसा गेला हे सतत पाहणारी यंत्रणा लागते. ती या व्यवस्थेत कधी उभीच केली गेली नाही.

ठेव विम्याची कथा आपल्याच मातीतली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि त्याच वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँकही. या दोन पडझडींनंतर संसदेने १९६१ मध्ये ठेव विम्याचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदाराला १,५०० रुपयांचे संरक्षण मिळू लागले. सहकारी बँकांना या छत्राखाली आणण्याची कायदेशीर वाट १९६८ मध्ये मोकळी झाली. १९९३ मध्ये मर्यादा एक लाख झाली आणि मग तब्बल २७ वर्षे तिथेच अडकून पडली. महागाईने त्या लाखाची किंमत खाऊन टाकली तरी कुणी हात लावला नाही. ४ फेब्रुवारी २०२० ला ती पाच लाखांवर गेली, तीही मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे ठेवीदार महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरल्यानंतर. सप्टेंबर २०१९ मध्ये त्या बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते.

त्या धक्क्याने सहकारी बँकांचे नियमन मात्र खरोखर बदलले, आणि हे मी मनापासून मान्य करतो. १९६६ पासून या बँकांना दोन मालक होते: बँकिंगपुरती रिझर्व्ह बँक, बाकी सगळ्याला राज्याचे सहकार खाते. बँकिंग नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचा हात लांब झाला. संचालक मंडळ, व्यवस्थापन, लेखापरीक्षकाची नेमणूक या सगळ्यांत तिला अधिकार मिळाले. २०२१ मध्ये ठेव विमा कायद्यात कलम १८अ आले. त्याआधी बँक अवसायनात निघेपर्यंत, म्हणजे कधी कधी दहा वर्षेसुद्धा, विम्याची रक्कम मिळत नसे. आता निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत ती द्यायची आहे. बँकेने ४५ दिवसांत ठेवीदारांची यादी द्यायची, महामंडळाने ती तपासायची आणि ठेवीदाराने संमतिपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील भरून द्यायचा. अजिंठा बँकेच्या ठेवीदारांना याच कलमाचा आधार मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेचा परवानाच रद्द केला, पण तोवर विम्याच्या कक्षेतल्या बऱ्याच लोकांच्या हाती पैसे पडले होते.

ज्यांची ठेव पाच लाखांहून जास्त होती त्यांचे दुःख वेगळे. त्यांना वरच्या रकमेसाठी अवसायकाच्या वसुलीची वाट पाहावी लागते. शिवाय पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली एकाच माणसाची खाती एकत्र मोजतात. गुलमंडीच्या शाखेत तीन लाख आणि सिडकोच्या शाखेत चार लाख ठेवून ‘विभागून ठेवले’ असे समजणारे लोक मला आजही भेटतात. बँक एकच असेल तर विभागणी होत नाही. वेगवेगळ्या बँका हव्यात.

पतसंस्थेकडे लोक का जातात, हेही समजून घेतले पाहिजे. व्याज एक-दोन टक्के जास्त हे एक कारण झाले, पण तेच सगळ्यात मोठे नाही. भाजीवालीला वीस हजारांचे कर्ज राष्ट्रीयीकृत बँक देत नाही. पतसंस्था दोन जामीनदारांवर दोन दिवसांत देते. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी तिच्या हातगाडीपाशी येतो. बँकेच्या काउंटरवर जिला ताटकळावे लागते तिला इथे नावाने हाक मारतात. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी आणि समृद्धी महामार्गासाठी जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले, तेव्हा ओळखीतला एजंट ओट्यावर येऊन बसला होता. बँकेचा अधिकारी आला नव्हता. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, त्यांनी हजारो छोटे धंदे उभे केले आहेत आणि मी स्वतः त्यांचे ताळेबंद पाहून समाधानाने सही केली आहे. म्हणूनच तिथला ठेवीदार उघड्यावर राहतो हे मला सहन होत नाही.

संस्था आतून कशी पोकळ होते ते हिशेबनीसाला सगळ्यात आधी कळते. सहकारात एक शब्दप्रयोग रोज ऐकू येतो, ‘नवे-जुने’. एका संस्थेच्या कर्जखात्यात मी पाहिलेले उदाहरण सांगतो. एका कर्जदाराचे २५ लाखांचे कर्ज तीन वर्षे थकलेले. २८ मार्चला ते खाते मुद्दल-व्याजासह पूर्ण जमा होऊन बंद. वसुली छानच! मी जमेचे व्हाउचर काढले, तर ते रोखीचे नव्हते, ट्रान्स्फरचे होते. त्याच दिवशी, त्याच कारकुनाच्या हस्ताक्षरात, कर्जदाराच्या पत्नीच्या नावे ३४ लाखांचे नवे कर्ज नावे पडलेले. जामीनदार तेच दोघे. तारण म्हणून जोडलेला सातबारा जुन्याच प्रकरणातला, मूल्यांकन मात्र वाढवलेले. एक रुपया बाहेरून आला नव्हता. पण कागदावर थकबाकी शून्य झाली, तीन वर्षांचे व्याज उत्पन्नात आले, नफा दिसला आणि त्या नफ्यावर सभासदांना लाभांश वाटला गेला. तो लाभांश नव्या ठेवीदारांच्या पैशांतून गेला होता. वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानावर हे कुणालाच दिसत नाही. लेखापरीक्षणाचा ‘अ’ वर्ग मात्र दिसतो, आणि पिग्मी एजंट तोच वर्ग दाखवून पुढची ठेव आणतो.

आता हे पकडायचे कुणी? लेखापरीक्षकाने. आणि त्याला नेमते कोण? ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात बदल झाला. शासनमान्य नामतालिकेतला लेखापरीक्षक संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेने निवडायचा, असे ठरले. संस्थांना स्वायत्तता मिळावी हा हेतू चांगला होता. पण सर्वसाधारण सभेत नाव सुचवते संचालक मंडळ आणि हात वर करतात त्यांनीच बोलावलेले सभासद. ज्याने कडक शेरे लिहिले त्याचे नाव पुढच्या वर्षीच्या ठरावात नसते. माझ्या कितीतरी व्यवसायबंधूंनी हे सोसले आहे. उलट नागरी सहकारी बँकेत २०२१ पासून लेखापरीक्षकाच्या नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते, नेमणूक सलग तीन वर्षांची असते आणि नंतर सहा वर्षे त्याच बँकेत परत येता येत नाही. शेरा मारणाऱ्याचे काम पुढच्या वर्षी जाईल ही भीती त्यामुळे बरीच कमी होते.

बहुराज्य संस्थांचा तिसराच रस्ता आहे. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे व्यवहार २०२३ च्या अखेरीस कोलमडले तेव्हा ठेवीदार आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले, मग सहकार खात्याकडे. पण ही संस्था येत होती दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांच्या अखत्यारीत. २०२३ मध्येच बहुराज्य सहकारी संस्था कायद्याला दुरुस्ती झाली, निवडणूक प्राधिकरण आले, सहकार लोकपालाची तरतूद आली. लोकपाल तक्रार ऐकेल, निवाडा देईल. पैसे परत करायला संस्थेत पैसे असावे लागतात आणि विमा इथेही नाही. मग राहतो १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा राज्य कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. आरोपींची मालमत्ता जप्त करायची, सक्षम प्राधिकाऱ्याने विशेष न्यायालयात जायचे, लिलाव करायचा आणि आलेले पैसे वाटायचे. कायदा उपयोगी आहे, पण जप्तीपासून वाटपापर्यंत इतकी वर्षे जातात की सत्तरीतला ठेवीदार ते पाहायला असेलच याची खात्री नसते.

राज्याने पतसंस्थांसाठी सहकार कायद्यात वेगळे प्रकरण घातले, नियामक मंडळ आणले, ठेवींवर अंशदान घेऊन स्थिरीकरण व तरलता सहाय्य निधी उभा करण्याची तरतूदही केली. या अंशदानाला पतसंस्थांच्या वर्तुळातून विरोध झाला. चांगल्या संस्थांनी बुडव्यांचे ओझे का उचलायचे, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे आणि त्याला बँकांच्या जगात उत्तरही सापडले आहे. ठेव विम्याचा हप्ता मार्च २०२६ पर्यंत सगळ्या बँकांना सारखाच होता, शंभर रुपयांमागे वर्षाला १२ पैसे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२६ पासून तो बँकेच्या जोखमीनुसार ठरवायचे धोरण आणले. सुदृढ बँकेला हप्ता कमी. पतसंस्थांच्या निधीलाही हीच मोजपट्टी लावता येईल. जिची वसुली खरी, जिचे तारण पक्के, तिने कमी भरावे.

निधी उभा राहीपर्यंत निदान एक गोष्ट ताबडतोब व्हावी. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली शासन लोकहितासाठी संस्थांना निर्देश देऊ शकते. प्रत्येक पतसंस्थेच्या पावतीवर, पासबुकावर आणि पिग्मी कार्डावर ‘या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही’ हे वाक्य व्याजदराइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत छापण्याचा निर्देश निघाला पाहिजे. काही संस्थाचालक म्हणतात, याने लोक घाबरून ठेवी काढतील. ज्यांचे हिशेब स्वच्छ आहेत त्यांच्याकडचे लोक राहतील. त्यांना व्याजाइतकीच त्या संस्थेची ओळखही आहे.

दुसरी गोष्ट कायदाच बदलून करावी लागेल. ठरावीक रकमेपलीकडे ठेवी असलेल्या पतसंस्थेचा लेखापरीक्षक सर्वसाधारण सभेने न निवडता निबंधकाने नामतालिकेतून चिठ्ठीने ठरवावा, तीन वर्षांसाठी ठरवावा, आणि त्याची फी संस्थेकडून गोळा करून निबंधक कार्यालयामार्फत द्यावी. मार्चच्या ट्रान्स्फर व्हाउचरांची आणि त्याच दिवशीच्या नव्या कर्जांची एकास एक पडताळणी त्याच्या अहवालात सक्तीची करावी. कलम ८१ मध्ये त्यासाठी जी दुरुस्ती लागेल तिचा मसुदा दोन पानांत मावतो आणि विधिमंडळाच्या एका अधिवेशनात ती मंजूर होऊ शकते.