दुखतं कुठं, नस कुठली

वेदनेवर काम करणाऱ्याच्या हातात सुई आली की त्याला नसच दिसू लागते; हा आमच्या धंद्याचा दोष. गुडघ्याची जाणीव वाहणाऱ्या बारीक नसा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुईने 70-80 अंशांपर्यंत तापवल्या की दुखण्याचा निरोप वर पोचत नाही. चिरा नाही, टाका नाही. या उपचाराची गाजलेली चाचणी 2011 साली दक्षिण कोरियातून आली. रुग्ण 38, सगळे वयस्क, गुडघे झिजलेले. त्या मापाने दहा वर्षांच्या पोराचा गुडघा तोलू नये, असं माझं मत आहे. मांडीच्या हाडाचा दांडा खाली जिथे रुंदावतो, तिथे मोठ्यांत सुई टेकवतात. पोरांत अगदी त्याच्याच शेजारी ग्रोथ प्लेट असते. हाडाची वर्षाकाठी जवळपास एक सेंटिमीटर वाढ तिथून होते. शिवाय मोठा माणूस जागा असतो, बारीक करंट दिला की ‘इथंच झिणझिणतंय’ म्हणून सांगतो. पोराला बहुधा गुंगी द्यावी लागते. मग सांगणार कोण?

त्यातून मुलाचं गुडघ्याचं दुखणं कधीकधी गुडघ्याचं नसतंच. एकाच नसेच्या फांद्या खुब्याला आणि गुडघ्याला जातात. खुबा बिघडतो, पोर हात ठेवतं गुडघ्यावर, आणि एक्स-रेही गुडघ्याचाच निघतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सूज, सकाळी आखडणं आणि दुपारी पळणं, असं असेल तर मुलांच्या संधिवाताचा संशय घ्यायचा. त्यावर आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सांध्यात स्टिरॉइड, आणि डोळा लाल नसला तरी स्लिट लॅम्पवर तपासणी. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप आणि फिकटपणा असेल तर रक्ताचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहायचं. गावाकडे दुखऱ्या सांध्यावर बिब्बा घालतात, त्याला आम्ही नावं ठेवतो; कारण न शोधता नस तापवणं त्याच जातीचं.

यावर कुणी म्हणेल, हिंगोलीकडच्या सेनगावच्या मजूर आईबापांनी तपासण्या-औषधांसाठी दर महिन्याला नांदेड गाठायचं कसं? हळद शिजवण्याच्या दिवसांत एक फेरी म्हणजे दोघांचा रोज बुडाला. एकदाच टोचून मोकळं करा. तक्रार खरी आहे, पण ‘एकदाच’ खरं नाही. तापवलेली नस साधारण सहा महिने ते वर्षभरात पुन्हा वाढते आणि फेरी परत सुरू होते. मधल्या काळात संधिवात सांधा खातच असतो. त्यापेक्षा पहिली फेरी निदानासाठी खर्ची घालावी. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत जातात. लंगडणारं पोर तिथेच नजरेत भरायला हवं.

दुसरा आक्षेप जड आहे. निदान होईपर्यंत पोराला दुखूच द्यायचं? नाही. दुखणाऱ्या पायाची मांडी काही आठवड्यांत बारीक होते, शाळा सुटते. म्हणून औषधं, शेक, व्यायाम पहिल्या दिवसापासून. तरीही पोर पायाला हात लावू देत नसेल, तर अनुभवी हातांनी सोनोग्राफीखाली नस तात्पुरती बधिर करावी. जाळू नये. चार-सहा तास मिळतात. तेवढ्यात फिजिओथेरपिस्टने गुडघा हळू वाकवून कोन मोजावा. बधिर असतानाही तो तिथेच अडला, तर अडवणारं दुखणं नाही, सांधा आहे.