जहागीरदारांची दुसरी नोकरी

घोड्याचे नाव काढले की मराठी माणसाची छाती आपोआप दोन बोटे पुढे येते. आमच्या चौकाचौकांत घोडे आहेत; मात्र ते ब्राँझचे. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्याल्याचे अभिमानाने सांगणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांनी जिवंत घोड्याच्या नाकाला कधी हात लावलेला नसतो. मीही त्या नव्वदांतलाच. हायस्कुलात भूमिती शिकवता शिकवता पंचेचाळिशी उलटली आणि मुलीला पोहोचवायला म्हणून पुण्याबाहेरच्या एका रायडिंग स्कूलवर जाऊ लागलो. मुलगी दोन महिन्यांत कंटाळली. मी चिकटलो. “पडलात तर शाळेत काय कळवू?” एवढेच सौभाग्यवतींनी विचारले. त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

आपल्याकडच्या अशा शाळांतले पुष्कळसे घोडे शर्यतीतून आलेले असतात. थरोब्रेड म्हणतात ती ही जात. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन पूर्वजांपर्यंत प्रत्येकाची बापाकडून कुळी पोहोचते. इतकी चोख वंशावळ आमच्या आळीत एकाही घराण्याची निघणार नाही! पण कुळी घेऊन काय करायचे? घोडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मैदानात उतरतो आणि पाचव्या-सहाव्या वर्षी पुष्कळांचा कारभार आटोपतो. आयुष्य असते पंचवीस वर्षांच्या आसपास. म्हणजे तीन हिस्से आयुष्य पेन्शनीत काढायचे, आणि पेन्शन देणारा कोणी नाही. साडेचारशे किलोंचा हा प्राणी, काम करो वा न करो, दिवसाला नऊ-दहा किलो चारा फस्त करतो. धावण्यातून उठलेले काही घोडे वरातीत मी पाहिले आहेत, काही पर्यटकांना पाठीवर घेऊन हिंडताना पाहिले आहेत. जे पाहिले नाहीत त्यांचा विचार मी फारसा करीत नाही.

आमचे जहागीरदार मे महिन्यात आले. मुंबईचा हंगाम एप्रिलात संपतो, त्यानंतरची ही भरती. वय सहा, रंग तपकिरी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. मालकाने फार पैसे मोजले नव्हते. कागदोपत्री नाव लांबलचक इंग्रजी होते, पण टेंपोतून उतरताना त्याने ज्या नजरेने आम्हा सर्वांना पाहिले, ती पाहून मोतद्दार म्हणाला, “आले जहागीरदार वसुलीला!” तेच नाव पडले.

मालकांनी मला बाजूला घेतले. “मास्तर, डिसेंबरात स्पर्धा आहेत. तोवर हा पोरांच्या हाताखाली येण्याजोगा झाला तर ठेवू. नाही तर मला दुसरा विचार करावा लागेल.” मालक दुष्ट नव्हे. चौदा घोड्यांचे खाणे त्याच्या शिरावर होते.

काम पडले रिसालदारसाहेबांवर, आणि त्यांच्या हाताखाली माझ्यावर. साहेब एकसष्टाव्या कॅव्हलरीतून निवृत्त झालेले. राजपूत, कायमखानी आणि मराठे यांची ही जयपूरची घोडेस्वार पलटण. साहेब सातारा जिल्ह्यातले, आणि इतकी वर्षे जयपुरात काढूनही जिभेवरचा सातारा हललेला नाही. त्यांनी पहिला हुकूम सोडला, “म्हैनाभर कुणी बसायचं न्हाई.” ओट्स कमी केले, लसूणघास आणि वाळले गवत वाढवले. शर्यतीसाठी ठोकलेले ॲल्युमिनियमचे पातळ नाल काढून नालबंदाने लोखंडी बसवले. जहागीरदार दिवसभर बाहेर चरत. पहिले चार दिवस त्याला त्या मोकळिकीचे काय करावे तेच समजेना. कुंपणालगत फेऱ्याच मारी. शर्यतीचा घोडा पहाटे तासभर धावतो आणि उरलेला दिवस ठाणावर काढतो. रविवार कसा घालवावा हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

आता वाचकांना वाटेल, हा धावलेला घोडा म्हणजे निम्मे काम झालेले. मलाही आरंभी तसेच वाटे. रिसालदारसाहेबांचे मत उलटे. कोरा घोडा बरा, म्हणत; त्याला नुसते शिकवायचे असते. याला सगळे येते, फक्त ते दुसऱ्या कामाचे. पहिला महिना संपल्यावर ते मला पुरते पटले. मी रिकिबीत पाय घालायला गेलो की स्वारी चालू लागे. खोड नव्हे ती, शिस्तच! जॉकीला चालत्या घोड्यावर गुडघ्याला हात देऊन वर टाकतात. उभे राहून माणसाला चढू देणे हा प्रकारच त्याच्या नोकरीत नव्हता. जॉकी आखूड रिकिबीत, गुडघे पाठीशी घेऊन बसतो. माझे पाय त्याच्या कुशीला लागले की त्याला वाटे, हे खाली काय लोंबते आहे? मुंबई-पुण्याच्या शर्यती उजव्या वळणाने धावतात, त्यामुळे उजवीकडे तो लोण्यासारखा वळे आणि डावीकडे तुळईसारखा ताठ. पण खरी मेख लगामात होती. लगाम ओढला की घोडा थांबतो, हे आपण लहानपणापासून धरून चालतो. शर्यतीत जॉकी लगाम ताणून धरतो आणि घोडा त्या ताणावर रेलून धावतो. ओढ जितकी जास्त, तितकी धाव जास्त.

हे ऑगस्टात माझ्या हाडांना कळले. मैदानाच्या टोकाला जहागीरदारांना कदमचालीने नेत होतो. मागून एक पोरगा आपल्या घोड्यावरून भरधाव बाजूने गेला. शेजारून घोडा पुढे गेला! एवढे पुरे झाले. माझ्याखाली काहीतरी खचले आणि मग वारा सुरू झाला. कानांत दुसरे काही नव्हते. तेवढ्यात लांबून आरोळी आली, “वढू नगा मास्तर! सोडा! सोडा त्येला!”

पळत्या घोड्याचा लगाम सोडायचा, हे सांगायला सोपे आहे. कुंपण पुढे दिसत होते. हात सैल केले, ढुंगण खोगिरात घट्ट दाबले आणि हलकेच डावा लगाम मागितला. मागितला, ओढला नाही. मोठे वर्तुळ, मग लहान, मग आणखी लहान. कावा देणे म्हणतात त्याला आपल्या जुन्या भाषेत. ओढ नाहीशी झाल्यावर त्याला रेलायला काही उरले नाही. तिसऱ्या फेरीला दुडकी आली, पाचव्याला तो फुरफुरत चालू लागला. साहेब चालत आले, घोड्याच्या मानेवर थोपटले, माझ्याकडे पाहिलेही नाही.

त्यानंतर आम्ही एकच गोष्ट शिकवली, उभे राहणे. रोज चढण्याच्या ओट्याशी न्यायचा. हलला, की एक फेरी मारून पुन्हा ओट्याशी. उभा राहिला, की गाजराचा तुकडा आणि सैल लगाम. पहिल्या दिवशी तेवीस फेऱ्या झाल्या. मी पाढे म्हणत होतो. वीस मीटर व्यासाचे वर्तुळ हाही ड्रेसाजचा पाठ. पंचवीस वर्षे फळ्यावर वर्तुळे काढली, पण घोड्याच्या पायांनी काढलेले माझे पहिले वर्तुळ पाहून सातवीच्या पोराने हसावे. चक्क अंडे होते.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी वरातीला घोडे पुरवणारा एक दलाल आला. मालकांनी बोलावले होते की तो आपणहून आला, मी विचारले नाही. त्याने जहागीरदारांचे पाय चाचपले, दात पाहिले, मोतद्दाराला विचारले, “बँडपुढं उभा राहील का?”

मोतद्दार खरे बोलला. “न्हाई राहणार.”

दलाल निघून गेला. उभे राहता येत नाही म्हणून तो वरातीतून सुटला, आणि उभे राहता आले नाही तर आमच्याकडूनही जाणार होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. घोड्यासाठी झोप न लागणे हे आमच्या घराण्यात बहुधा पहिल्यांदाच घडले असावे.

अशा घोड्यांतून मोठे काही निघत नाही असे मात्र नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो फार्गिस या स्वाराने उड्यांच्या स्पर्धेत व्यक्तिगत आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदके मिळवली ती टच ऑफ क्लास नावाच्या घोडीवर. ती आधी शर्यतीत धावली होती आणि एकही शर्यत जिंकली नव्हती. आपल्या भारतीय संघाने हांगझाऊ येथे २०२३ साली ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण आणले, तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले. मात्र त्या दर्जाचे घोडे युरोपात पोसायचे म्हणजे काय खर्च, ते आमच्या मालकांना विचारावे. आमच्या वाट्याला जहागीरदार.

डिसेंबरच्या स्पर्धा छोट्याच होत्या, दोन-चार क्लबांपुरत्या. ड्रेसाजचे मैदान चाळीस मीटर लांब, वीस रुंद. ‘ए’ या अक्षरातून दुडकीने शिरायचे, मधोमध ‘एक्स’वर निश्चल उभे राहायचे, समोर ‘सी’पाशी बसलेल्या परीक्षकांना सलाम करायचा. प्रत्येक प्रकाराला दहापैकी गुण. मला बाकीच्या कशाची पर्वा नव्हती. लगाम एका हातात घेऊन उजवा हात खाली सोडायचा, मान लववायची, आणि तोवर घोड्याने हलायचे नाही.

शेजारच्या मैदानावरून कोणाचा तरी घोडा खिंकाळला. जहागीरदारांचा डावा कान तिकडे वळला. पाय हलले नाहीत. मी सलाम केला, जरा लांबवलाही. मग त्याने एक मोठा निःश्वास टाकला, आणि आम्ही पुढे निघालो.

पुढे काय झाले ते सांगण्यासारखे नाही. डावीकडचे वर्तुळ पुन्हा अंडे झाले. डावीकडच्या कॅन्टरला त्याने उजवा पाय पुढे टाकला. अकरा घोड्यांत आमचा नववा नंबर. परीक्षकांच्या कागदावर पहिल्या थांब्यापुढे मात्र सात होते. तो कागद मी शाळेत नेऊन स्टाफरूममध्ये दाखवला. गणिताच्या सहकाऱ्यांनी दहापैकी सात म्हणजे सत्तर टक्के असा हिशेब करून विषय बदलला.

मालक काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी गेलो तर पाटीवर जहागीरदारांच्या नावासमोर एका बारा वर्षांच्या मुलीचे नाव खडूने लिहिलेले होते. ती ओट्यावर चढली, बूट रिकिबीत घातला, पुन्हा काढला, जाकिटाचे बटण लावले, आईकडे बघून हात हलवला. एवढा वेळ तो उभा होता. मोतद्दाराने माझ्याकडे पाहिले आणि तंबाखूची डबी पुढे केली. मी खात नाही, पण घेतली.

डावा कॅन्टर अजून चुकतो. रिसालदारसाहेब म्हणतात, पाऊस उघडला की जमिनीवर खांब आडवे टाकू आणि त्यावरून चालवू, पुढचे पुढे.