बोनाफाईडचा भाऊ

१९८२ साली मी सातवीत होतो. मुंबईत जानेवारीपासून गिरण्यांचा संप सुरू होता आणि आमच्या चाळीतले कितीतरी काका-मामा घरी बसून होते. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या बाकावरच्या मित्राने मला जिन्याखाली नेलं आणि हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नकोस हं. आमच्याकडे हल्ली रात्रीची चूल पेटत नाही."

"आईशप्पथ, नाही सांगणार!" मी म्हटलं.

दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी एकाला सांगितलंच. तेही "तू कुणाला सांगू नकोस" असं बजावून! दुसऱ्या दिवशी एका मुलाने आपला डबा मित्रापुढे सरकवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "घे रे, तुझ्याकडे रात्री जेवण नसतं ना?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझा मित्र उठला. एकदाच माझ्याकडे बघितलं आणि वर्गाबाहेर गेला. वार्षिक परीक्षा झाली नि तो दाखला घेऊन कोकणात गावी गेला.

आठवीत इंग्रजीच्या तासाला 'कन्फाइड' हे क्रियापद आलं. सरांनी फळ्यावर अर्थ लिहिला : 'विश्वासाने मनातली गोष्ट सांगणे'. मला एकदम तो जिना आठवला.

मुलांनो, या शब्दाची कुळकथा मी पुढे शोधून काढली. तो मूळचा लॅटिन. 'फिदेरे' म्हणजे विश्वास टाकणे. त्याच्या आधीचा 'कॉन' जोर देण्यासाठी. म्हणजे पुरता विश्वास टाकणे. पंधराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता. गुपित सांगण्याचा अर्थ त्याला मिळाला अठराव्या शतकात. म्हणजे बघा, आधी विश्वास आणि मग सांगणं!

त्याची भावंडं तुमच्या ओळखीची आहेत. कॉन्फिडन्स म्हणजे स्वतःवरचा विश्वास. शाळेच्या ऑफिसातून तुम्ही 'बोनाफाईड' आणता ना? तोही याच घरातला. 'बोना फिदे' म्हणजे चांगल्या विश्वासाने, खरेपणाने.

प्राचीन रोममध्ये तर 'फिदेस' नावाची विश्वासाची देवीच होती. कॅपिटोलिन टेकडीवर तिचं देऊळ होतं. लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो, की तिचे पुजारी पूजा करताना हात बोटांपर्यंत कापडात गुंडाळून घेत. विश्वास उजव्या हातात राहतो आणि तो जपायचा असतो, अशी त्यामागची समजूत. आपणही हातावर हात ठेवूनच वचन देतो की!

आठवीतल्या त्या दिवशी मला हे काहीच ठाऊक नव्हतं. पण संध्याकाळी मित्राच्या काकांकडून पत्ता आणला आणि पोस्टकार्ड लिहायला घेतलं. "माझं चुकलं" एवढं लिहिलं आणि थांबलो. पोस्टकार्ड काय, वाटेत कुणीही वाचतं! ते फाडलं. आंतरदेशीय पत्र आणलं, सगळं लिहिलं आणि कडा नीट चिकटवल्या.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तेही चिकटवलेलं. आत दोनच ओळी होत्या :

"भाताची लावणी झाली. गणपतीला ये."