फटाक्यांपासून दूर, गणपतीपुळ्याला

दिवाळीत मुंबईकर गावी जातो तो कोणी आईवडिलांना भेटायला, कोणी हवापालटाला. आम्ही गेली तीन वर्षे गणपतीपुळे गाठतो ते एका बारा वर्षांच्या मुलाच्या कानांसाठी. हा माझा भाचा. तो ऑटिस्टिक आहे. शेजारच्या गच्चीवर लवंगी माळ लागली की आपण दचकतो आणि विसरतो. त्याला तो आवाज अंगावर फटका बसावा तसा लागतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे स्वारी मोरीत कडी लावून बसे.

मराठीत याला 'स्वमग्न' म्हणतात. शब्द गोड आहे, पण मला तितकासा पसंत नाही. स्वतःत मग्न व्हायला त्याला फुरसत कुठे आहे? बाहेरचे जगच त्याच्यावर एकदम चालून येते. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे आयांच्या 'थंडपणा'ला दोष देण्यात गेली. ती समजूत केव्हाच मोडीत निघाली. ही मेंदूची जन्मजात घडण आहे. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात तिची स्पष्ट नोंद झाली. नातेवाईक मात्र अजून "लाडावून ठेवलाय" एवढे निदान करून मोकळे होतात.

प्रवासाची तयारी आठ दिवस आधी सुरू होते. बहीण पुठ्ठ्याची एक लांब पट्टी करते आणि तीवर ओळीने चित्रे लावते: घर, टॅक्सी, स्टेशन, मांडवी एक्सप्रेस, बोगदा, रत्नागिरी, रिक्षा, खोली, समुद्र. खोलीचा फोटो घरमालकिणीकडून आधीच मागवलेला असतो. एकेक टप्पा झाला की तेवढे चित्र काढून मागच्या पाकिटात टाकायचे. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात १९७२ पासून राज्यभर चाललेल्या 'टीच' या उपक्रमाने ही चित्रांची शिस्त पुष्कळ पुढे नेली. आमच्या घरी तिला नुसती 'पट्टी' म्हणतात. पुढे काय येणार हे डोळ्यांना दिसले की पोराचा निम्मा घोर उतरतो.

कोकण रेल्वेवर बोगद्यांना तोटा नाही. उक्षी आणि भोकेच्या दरम्यानचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. आत गाडीचा आवाज दुप्पट होतो. उक्षी येण्याआधी पाच मिनिटे, मग दोन मिनिटे, अशी सूचना द्यायची, कानांवर जाड हेडफोन चढवायचे आणि हातात घड्याळ द्यायचे. तो सेकंद मोजत बसतो. बोलायचे ते एका वाक्यात एकच, आणि मग दहा आकडे मनात मोजून उत्तराची वाट पाहायची. आमच्यासारख्या बडबड्या घराण्याला हे फार जड गेले!

गेल्या वर्षी समोरच्या गृहस्थांनी विचारलेच, "एवढ्या मोठ्या मुलाला काय हो हे?" बहिणीने मुकाट्याने एक कार्ड पुढे केले. त्यावर, मुलगा ऑटिस्टिक आहे, मोठा आवाज सोसत नाही, त्याच्याशी बोलला नाहीत तरी चालेल, एवढेच. गृहस्थांनी ते वाचले आणि आपल्या मोबाईलवरचे गाणे बंद केले.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे २५ किलोमीटरच्या आसपास. देवळात गर्दीच्या वेळी आम्ही जात नाही. भल्या पहाटे जातो आणि टेकडीची प्रदक्षिणा करतो. सारी टेकडीच गणपती मानलेली, वाट ठरलेली, सुरू होते तिथेच संपते. भाचेबुवांना असला देव मनापासून पटतो.

समुद्राचे मात्र भय आहे. अशा पुष्कळ मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, आणि इथले पाणी दगाबाज. माणसे बुडाल्याचे फलक उगाच लावलेले नाहीत. "सगळे आहेत ना लक्ष ठेवायला" म्हणजे कोणीच नाही. म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी, हाताच्या अंतरावर उभे राहायचे, आणि पाळी बदलताना "आता मी" असे मोठ्याने म्हणायचे. शर्टाच्या आत फोन नंबर शिवलेला असतो.

आमच्या घरमालकीण वहिनींचे दीर पंचेचाळिशीचे आहेत. तेही ऑटिस्टिक, निदान चाळिशीत झाले. घराने त्यांची सोय त्याआधीच लावली होती. रोज सकाळी ओटीवर पाटी: नारळ निवडणे, कोकमाच्या बाटल्या भरणे, जेवण, झोप, पाणी शिंपणे. नारळ आकाराप्रमाणे लावावेत ते त्यांनीच. पाहुणे फार झाले की त्यांचे पान मागच्या पडवीत वाढतात. त्याला कोणी माणूसघाणेपणा म्हणत नाही.

बहीण दोन दिवस त्यांच्याकडे पाहत होती. शेवटी तिने विचारले, "वहिनी, तुमच्या मागं यांचं कसं?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ताई, पाटी लिहायला माझ्या मुलानं शिकून घेतलंय. हुशारी नाही लागत त्याला, रोज लिहावी लागते एवढंच."

त्या रात्री बहिणीने माझ्याकडून एक वही मागून घेतली. पहिल्या पानावर तिने लिहिले: वरण पातळ, कोथिंबीर नको, ताट तेच. मेव्हण्यांनी खाली भर घातली: रडत असेल तर प्रश्न विचारू नयेत, दिवा मंद करावा, जवळ बसावे. दुसरे पान मला दिले आहे. बोगद्याचे मी लिहायचे आहे.