लांब शब्दाची भीती

उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. आमची मुले शब्द चेहऱ्यावरून ओळखतात, तोडून वाचत नाहीत. म्हणून मराठीच्या तासाला लांब शब्द आला की वर्ग थबकतो. गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा ‘स्वातंत्र्योत्तर’वर तीनदा अडखळला. मुले हसली. मी वैतागून म्हणालो, "बैठ जा नीचे." तो बसला, आणि त्यानंतर स्वतःहून वाचायला कधी उठला नाही. बी.एड.च्या सराव पाठात ‘मूल्यमापन’ म्हणताना माझीही अशीच फजिती झाली होती. ते मला त्या वेळी आठवायला हवे होते.

जानेवारीत शाळेची सहल कोल्हापूरला गेली. महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकापाशी मी सांगितले, की १९४३ ते १९४८ या काळात जवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. छावणीत त्यांच्या शाळाही होत्या. तोच मुलगा हळूच म्हणाला, "सर, उनकी जबान कैसी थी?" मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर पोलिश शिकवणारे एक पुस्तक मिळवले.

पहिल्याच पानांत मी घाबरलो. पन्नास ग्रोशांच्या, म्हणजे अर्ध्या झ्लॉटीच्या नाण्याला एकच शब्द, आणि त्यात २३ अक्षरे! पण नियम सोपा निघाला. जितके स्वर, तितके तुकडे. दुसऱ्या स्वराआधीचा ‘आय’ मोजायचा नाही, तो फक्त आधीचे व्यंजन मृदू करतो. एस आणि झेड मिळून एकच ‘श’सारखा ध्वनी होतो, त्यांची फारकत करायची नाही. ‘बे’ला दो-चश्मी ‘हे’ चिकटली की ‘भ’ होतो, तसेच हे. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. झाले सात तुकडे : प्येंच-जे-शेन-चो-ग्रो-शुफ-का.

गंमत पुढेच आहे. अर्थाची फोड निराळी : पन्नास, ग्रोश आणि शेवटी वस्तूचे नाव करणारा ‘उफ्का’ हा प्रत्यय. जीभ एका ठिकाणी तोडते, अर्थ दुसऱ्या ठिकाणी. मला दादीची अठन्नी आठवली. जीभ म्हणते अ-ठन्-नी. अर्थ म्हणतो आठ, आना आणि ई. अर्ध्या रुपयाचे नाणे आम्हीही असेच घडवले होते.

११ नोव्हेंबर हा मौलाना आझादांचा जन्मदिन, २००८पासून राष्ट्रीय शिक्षण दिन. १९१८ साली याच तारखेला स्वतंत्र झाल्याचे पोलंड मानतो. यंदा त्या दिवशी मी फळ्यावर त्यांचा शब्द लिहिला : न्ये-पॉद-लेग-वॉश्च. ‘न्ये’ म्हणजे नाही, ‘पॉद’ म्हणजे खाली, ‘लेग’मध्ये पडून राहण्याचा धातू, शेवटचा ‘ऑश्च’ आपल्या ‘पणा’सारखा. कुणाच्या खाली पडून न राहणे, म्हणजे स्वातंत्र्य. सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला.

शेजारी मी ‘स्वातंत्र्योत्तर’ लिहिले. "यात ‘उत्तर’ कुठे लपले आहे?" बराच वेळ कुणी बोलले नाही. मग तो मुलगा उठला. "स्वातंत्र्य... उत्तर... सर, ‘यो’ में छुपा है. स्वातंत्र्योत्तर."

मी वर्गासमोर त्याला म्हणालो, "बेटा, पिछले साल गलती मेरी थी."

त्याने पुस्तक उघडले. "आगे पढूँ, सर?"