पद्मिनीचे पाटे

"नवे पाटे टाकून मोकळा हो" हा सल्ला मला किमान पाच जणांनी दिला. पण बाजारातले नवे पाटे लावून पाहिलेत का कधी? गाडी मागून ताठ उभी राहते आणि बाबांची कंबर प्रत्येक खड्डा मोजते. गाडी त्यांची, १९८८ची. मागच्या सीटवर बसणंच त्यांनी सोडलं होतं. म्हणजे मूळचेच हवेत.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाने २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा पाटे असलेच तर भंगारात! चार शनिवार कुर्ल्यात पायपीट केल्यावर एक जोडी मिळाली. गंजलेली, पण मेन पाटा शाबूत. (पद्मिनी बनायची कुर्ल्यातच. असो.)

मिस्त्रींनी पाटे सुटे करून घासले, रॉकेल लावून तडे शोधले. गॅस मात्र लावू दिला नाही. "तापवलं की पाणी उतरतं साहेब, परत बसेल." थंडच ठोकून कमान आणली. मधे ग्राफाइट ग्रीस. शॅकलचे बोल्ट कसले ते शेवटी, गाडी चाकांवर उतरवून. नाहीतर रबरी बुश पिळलेलेच राहतात आणि फाटतात.

बाबा दादरपर्यंत मागे बसून आले. झोपले चक्क!

आता स्पेअरला एक मेन पाटा हवाय. कुठे दिसला तर कळवा.