गुणी संघानें गुरु बदलावा काय ?

गुणी खेळाडूंचा संघ हरूं लागला म्हणजे पहिलें बोट त्याच्या शिक्षकाकडे वळतें. खेळाडू बदलावयाचे तर सात-आठ घरांचा रोष पत्करावा लागतो. शिक्षक एकटा असतो. आमच्या अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर भातकापणी आटोपून शेतांत कबड्डीचीं मैदानें आंखलीं गेलीं कीं हा वाद कोठें ना कोठें उभा राहतोच.

तो पैसेवाल्या संघांसही चुकलेला नाहीं. २०१४ सालीं प्रो कबड्डीची स्पर्धा सुरू झाली, तेव्हांपासून पुणेरी पलटण तींत आहे. पण पहिल्या नऊ पर्वांत चषक कांहीं तिच्या हातीं लागला नाहीं. बी. सी. रमेश हे शिक्षक म्हणून आले त्या २०२२ च्या पर्वांत संघ अंतिम सामन्यांत जयपूरकडून २९-३३ असा हरला, आणि पुढच्याच पर्वांत, १ मार्च २०२४ रोजीं, हैदराबादेस हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून अजिंक्य ठरला. त्यानंतरच्या पर्वांत मात्र तोच संघ आठव्या स्थानीं घसरला. रमेश गेले, अजय ठाकूर आले, आणि २०२५ सालीं पलटण पुन्हां अंतिम सामन्यांत उतरून दिल्लीकडून थोडक्यांत हरली.

यावरून गुरु बदलतांच संघ सांवरला असें कोणी म्हणेल. पण घसरणीच्या वर्षीं काय घडलें होतें तें पाहावें. अजिंक्यपदाच्या पर्वांत पकडींचे सर्वाधिक गुण मिळविणारा इराणी खेळाडू महंमदरझा शादलू हरियाणाकडे गेला होता. त्या पर्वाचा चषकही हरियाणानेंच नेला. कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीनें मध्येंच बाहेर बसला. बरा होऊन तो परतला, तेव्हां संघही वर आला. गुडघा दुखावला खेळाडूचा आणि निरोप मिळाला शिक्षकाला, हा न्याय आम्हांस तरी पटत नाहीं.

तथापि शिक्षकानें कांहींच घडत नाहीं असेंही नव्हे. नाशिकच्या शैलजा जैन यांजकडे भारताचा महिला संघ कधीं सोंपविला गेला नव्हता. त्या इराणला गेल्या; कामापुरती फारसी शिकल्या, मुलींना योगासनें व प्राणायाम शिकविला. २०१८ सालीं जकार्ता येथें इराणच्या मुलींनीं भारताला २७-२४ असें हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकलें. त्यापूर्वींचीं दोन्ही सुवर्णपदकें भारताचीं होतीं! तेव्हां पराभव कोणत्या जातीचा आहे, शिकविण्यानें टळण्याजोगा होता कीं नाहीं, एवढें आधीं पाहावें.

हाच प्रश्न यंदा आमच्या गांवच्या मंडळानें आमच्यापुढें ठेवला. संघाचे शिक्षक, ज्यांना सारा गांव दादा म्हणतो, तीस वर्षें एक पैसा न घेतां मुलांना खेळवीत आले. आमचा पुतण्याही त्यांच्याच हाताखालीं तयार झाला. मुलें गुणी आहेत, परंतु लागोपाठ तीन स्पर्धांत उपांत्य सामन्यांत हरलीं. त्यांना शेजारच्या तालुक्यांतील एक निवृत्त खेळाडू शिक्षक म्हणून हवा होता. घरांतही दोन पक्ष पडले. धाकटे बंधू मुलांच्या बाजूचे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ज्यांनीं पोराला बोट धरून मैदानांत नेलें, त्यांनाच आतां मैदानाबाहेर काढायचें?"

ते तिन्ही सामने आम्हीं स्वतः पाहिले होते. कोणी जखमी नव्हतें, कोणी संघ सोडून गेलें नव्हतें. तिन्ही वेळां शेवटच्या पांच मिनिटांपर्यंत आघाडी आपली होती. अशा वेळीं चढाईचे तीस सेकंद पुरते खर्चून रिकामें परतावें. फक्त दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरींत गुण आणणें भाग असतें, तेव्हांच धोका पत्करावा. आमचीं मुलें प्रत्येक चढाईंत गुणासाठीं आंत घुसत आणि पकडलीं जात. दादा बाहेरून "घूस, घूस!" असेंच ओरडत, खेळ थांबवून घेण्याची सवलत त्यांनीं एकदांही वापरली नाहीं. पायाची पकड शिकवावी ती दादांनींच. पण घड्याळाशीं खेळणें त्यांना कधीं रुचलें नाहीं.

आम्हीं मत दिलें कीं मोठ्या मुलांना नवा शिक्षक द्यावा. मात्र दादांना चिठ्ठी धाडूं नये. सांगावयास आम्हीच त्यांच्या ओटीवर गेलों. त्यांनीं सारें ऐकून घेतलें, पानाला चुना लावला आणि विचारलें, "लहान पोरें सकाळीं सहाला येतात. मैदान कोण उघडणार?"

किल्ली त्यांच्याकडेच राहिली आहे. नवे शिक्षक दिवाळीनंतर यावयाचे आहेत. वहिनी आमच्याशीं अजून कामापुरतेंच बोलतात.